अकरा दहाचं ऊन

आमच्या मागच्या दारी ऊन यायचं अकरा दहाला
आणि पंचविसाला निघून जायचं,
मीटर बघायला आलेल्या माणसासारखं,
पाणीसुद्धा न पिता.
तेवढ्यासाठी कुंदा खुर्ची सरकवत न्यायची
धुण्याच्या दगडापासून पडीक सायकलीपर्यंत,
साडी गुडघ्यांवर घेऊन.
डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या आहेतच, पण ऊन घ्या.
कुठून घ्या, ते लिहून दिलं नव्हतं.

जेलरोडला घर झालं तेव्हा मीच लावले दोघं,
कडुनिंब आणि आंबा.
आंब्याचं कलम बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं,
कंडक्टरनं विचारलं होतं, याचं तिकीट?
आता दोघांनी वर फांद्यांत फांद्या घालून
आमचं आकाश बंद केलं.
डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर,
आमच्या परसात तो आदल्या रात्रीच पोचलेला.

महापालिकेत उद्यान विभागाला तीन खेपा.
अर्ज, फोटो, बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये.
कारण या रकान्यात मी लिहिलं : ऊन.
क्लार्क म्हणाला, काका, असं चालत नाही,
धोकादायक फांद्या, असं लिहा.
लिहिलं.
दोन दिवस आंब्याकडे वर बघितलं नाही.

येवाजी भोये आला, सुरगाण्याकडचा,
सोबत भाचा, दोर, कोयता, करवत.
झाडाभोवती एक फेरी मारली
बाजारात बैल बघतात तशी.
लाकूड माझं, मग पाचशे कमी, म्हणाला.
चपला बुंध्याशी काढल्या.
मला वाटलं, पाया पडणार.
घसरतंय चपलेनं, म्हणाला, आणि चढला.

दुपारपर्यंत निंब मोकळा झाला.
मग आंब्यातून आवाज :
काका, हिला मोहर धरलाय.
तीच तर अडवते ऊन.
आंबेही तीच देते ना. सांगा काय ते.
वर कोयता थांबलेला, खाली मी.
कुंदा आतून म्हणाली,
पोळ्या गार होतायत, आधी त्या दोघांना बोलवा.

जेवणानंतर येवाजीनं मला विचारलंच नाही.
फांदी अर्धी कापली,
दोरानं खाली सोडली हळूहळू,
आजारी माणसाला जिन्यावरून उतरवतात तशी.
तिच्यासोबत उतरलं कावळ्याचं जुनं घरटं,
त्यात तारा, काड्या, एक राखी,
आणि आमची हरवलेली चहाची गाळणी,
जिच्यासाठी मी तेव्हा कामवालीला बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन नऊला आलं
आणि दोनपर्यंत बसून राहिलं.
भिंतीची ओल दाखवली त्यानं, सायकलीचा गंज,
आणि दुसाने बाईंची खिडकी,
जिच्याकडे नळाच्या भांडणापासून
चौदा वर्षं आमची पाठ.
डोळ्यांवर तिरीप आली म्हणून मी हात वर केला.
बाईंनीही केला, त्यांच्या डोळ्यांवरही आली असेल.
नमस्कार झाला, असं दोन्हीकडून धरून चाललो.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी कागद उजेडाला धरले.
आतली तार, आतला चेहरा, खरं-खोटं.
उजेड ट्यूबचा होता. बाहेर ऊन होतं की ढग,
सुटीचा भोंगा झाल्यावर कळायचं.
काल कुंदा ऊन पाठीशी घेऊन मेथी निवडत होती.
तिची कानाची पाळी गुलाबी झाली आरपार,
आत एक बारीक निळी रेघ,
वळून वर गेलेली.
अडतीस वर्षं झाली लग्नाला.
ही रेघ मी पाहिली नव्हती.
काय बघताय?
काही नाही.
फार लागतंय हो, म्हणाली,
आणि खुर्ची ओढत नेली
उरलेल्या अर्ध्या फांदीच्या सावलीत.

खार कंपाउंडवरून धावत आली,
नेहमीच्या उडीच्या जागी थबकली,
मोजत असावी.
मग वळली, आणि दुसाने बाईंच्या पत्र्यावरून
लांबच्या वाटेनं गेली.