जाळरेषा

पहाटे पावणेपाचला वायरलेस खरखरला.
हाडळ बोलत होता, धापा टाकत:
तुळशीच्या वरच्या अंगाला, कारवीत.
वारा ठाण्याकडचा. ओव्हर.

मी तिकीट खिडकीवरची.
वणव्यातलं माझं काम खडूचं:
आज उद्यान बंद.
कान्हेरीची बस बंद.
'आज'खाली दोनदा रेघ मारली
तरी साडेपाचला ट्रॅकसूट जमलेच.
एकानं वार्षिक पास काचेला टेकवला,
एकतीस मार्चपर्यंत चालतो म्हणाला.
त्याच्या खांद्यावर राख उतरली,
हलकी, पिसासारखी.
ती झटकून त्यानं विचारलं,
मागच्या गेटनं सोडतील का.

कारवी गेल्या पावसाळ्यात फुलली होती,
आठ वर्षांनी.
तेव्हा हाच फळा मी जांभळ्या खडूनं रंगवला होता
आणि रांग पार हायवेपर्यंत.
फुलली की मरते ती. उभ्या उभ्या वाळते.
ते लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

सातला हुकूम आला, आसणपाडा रिकामा करा.
चाळीस घरं, दोन टेम्पो.
माणसं उतरली महापालिकेच्या शाळेत,
कोंबड्या टोपलीत, टीव्ही गोधडीत,
कुणाच्या हातात नुसतंच दाराचं कुलूप,
किल्लीसकट.
मला यादी करायला पाठवलं.
नाव, वय, रहिवासाचा पुरावा.
पुरावा म्हटल्यावर काशी थापडनं
पाचवी-ब च्या खिडकीतून धुराकडे बोट केलं.
मी रकान्यात काही लिहिलं नाही.
पुढचं नाव विचारलं.

लाडक्या बरफ यादीत नव्हता.

गेल्या माघात त्यानं पाड्याच्या वरल्या बाजूला
गवताचा पट्टा जाळला होता,
त्याचा बाप जाळायचा तसा,
संध्याकाळी, वारा पडल्यावर,
पोरांच्या हातात ऐनाच्या ओल्या फांद्या देऊन.
साहेबांनी गुन्हा नोंदवला.
पंचनामा झाला. सव्वाशे फूट लांब, दहा रुंद.
खाली पंच म्हणून सही माझी.
यंदा त्यानं जाळला नाही.
यंदा आमचं पाचोळा उडवायचं यंत्रही
डिसेंबरपासून दुरुस्तीला मुलुंडला.

दुपारी हाडळ वायरलेसवर म्हणाला,
म्हातारा इथंच आहे.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, पेटवतोय तो.
खालून वर. वणव्याच्या तोंडावर.
अडवू का? ओव्हर.
साहेबांनी माईक हातात धरला होता,
बटण दाबलं नव्हतं.
खोलीत आम्ही चौघं. पंखा फिरत होता.
ते बटण त्यांनी दाबलंच नाही.

संध्याकाळी आणला त्याला जीपमधून.
एक भुवई जळालेली, पायात एकच चप्पल.
सव्वीस घरं राहिली. चौदा गेली,
ओढ्यापलीकडची, तिथं पट्टा पोचला नाही.
त्याचं स्वतःचं त्या चौदांत.
मी पाणी दिलं.
सगळं प्यायला, ग्लास उपडा ठेवला,
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
मागच्या टायमाला अक्षर बरं होतं तुझं.

रात्री अहवाल गेला.
आग नियंत्रणात, कर्मचाऱ्यांची तत्परता,
कारण: अज्ञात.
हे वाक्य साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं,
आणि पहिल्यांदाच वाटलं
की 'अज्ञात' हा शब्द कुणाला तरी वाचवतोय.
की आम्हालाच?

नऊला हाडळ बोलला, थंड झालं. ओव्हर.
कुणी उत्तर दिलं नाही.
मी ओला फडका घेऊन फळ्याशी गेले.
साहेब म्हणाले, बाकीचं राहू दे,
फक्त 'आज' पूस.
पुसलं.
रेघा दोन्ही तशाच राहिल्या,
वर शब्द नसलेल्या.
आणि फडका पिळला तर
बादलीत पाणी काळं,
खडू तर पांढरा होता.