आपण कुठले

इंग्रजीतल्या 'वी'ला मराठीत दोन शब्द आहेत
हे मला सातव्या वर्षी कळलं, ग्रिम्सबीत,
हॅडॉकचं डोकं तोडता तोडता आईने सांगितलं:
समोरच्याला धरून बोलायचं तर आपण,
त्याला वगळून बोलायचं तर आम्ही.
'आपण जेवू या. आम्ही जेवलो.
दुसऱ्यात तुझ्यासाठी ताट नाही.'

डॅड दाराशी बूट काढत होते,
मासे धुरवायच्या कारखान्यातून आलेले,
भुवयांनासुद्धा ओकच्या भुशाचा वास.
त्यांना दोन्ही शब्द येत नव्हते.
ते 'वी' म्हणायचे आणि त्यात अख्खी गोदी मावायची.
निदान त्यांना तसं वाटायचं.

मी आईच्या वळणावर गेले, रंगाने तर जास्तच.
नील गेला कटफर्थांवर: लालसर केस, घारे डोळे,
जुलैच्या उन्हात गेला की उकडलेल्या कोळंबीसारखा होऊन परत.
दीड वर्षाचं अंतर, एकच कूस.
फ्रीमन स्ट्रीटच्या बाजारात एका बाईने आईला विचारलं,
या मुलाला सांभाळायचे किती देतात?
आई म्हणाली, रात्रपाळी धरून? काहीच नाही.

वेंगुर्ल्यात उलटं.
नीलच्या गालाला हात लावून बघायला शेजारणी यायच्या.
मावशी मला म्हणायची, सावलीत बस गो बाई,
आधीच काय कमी आहे.
आणि कुणीतरी, माजघरात, आवाज उतरवून:
'जावई आपल्यातला नाही ना?'
आई सोलकढीत मीठ घालत राहिली, दोनदा घातलं.
आपल्यातला.
हा शब्द तिने मला शिकवला नव्हता.

मग ते बसस्टॉपवरचं. नोव्हेंबर असावा.
तीन मुलगे, एक नीलच्याच फुटबॉल संघातला.
मला जे म्हणाले ते मराठीत आणणार नाही मी,
तिच्याकडे तिचे स्वतःचे पुरेसे आहेत.
मग त्यातल्या एकाने नीलला विचारलं,
ही तुझ्याबरोबर आहे का?
नील खाली वाकला, बुटाची नाडी बांधायला.
बांधलेलीच होती.

घरापर्यंत तो माझ्या सहा पावलं पुढे चालला.
दाराशी थांबावं लागलं त्याला,
किल्ली माझ्याकडे होती.

रात्री वरच्या पलंगावरून मराठीत म्हणाला,
झोपलीस?
मी म्हटलं, आम्ही झोपलो.
त्याला फरक कळला नसेल.
किंवा कळला असेल. बराच वेळ फळ्या करकरत होत्या.

हे मी कधी काढलं नाही. त्यानेही नाही.
डॅड गेले, कारखाना गेला,
नीलचे केस गेले, लाल म्हणण्यापुरतेही उरले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये आईचा खुबा बदलला.
गुंगी उतरत होती आणि इंग्रजी अजून परतली नव्हती,
जिच्यात तिने याच हॉस्पिटलात
तेहतीस वर्षं लोकांना 'जरा टोचेल हं' म्हटलं, ती.
उशाशी नील बसला होता.
तिने त्या घाऱ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं,
हॉस्पिटलच्या गाऊनवरचा नसलेला पदर सावरला
आणि अदबीने विचारलं,
'आपण कुठले?'

मी पुढे सरकले. त्याला सांगणार होते,
अरे, हे ते आपण नव्हे,
हे परक्या माणसाला म्हणतात, मान देऊन.
पण त्याने तिचा हात धरलाही होता,
आणि मोडक्या मराठीत, जिच्यात ळ अजून घसरतो,
शाळेत उभं केल्यासारखा, विचार करत:
'आपण? आपण ग्रिम्सबीचे.
मग… वेंगुर्ल्याचे पण.
ती पण,' माझ्याकडे बोट, 'ती धरून.'

'हो का,' आई म्हणाली, डोळे मिटत,
'लांबून आलात.
मग जेवूनच जा.'