तुमची संस्था

रास्ता पेठेत, वीज ऑफिसच्या मागच्या बोळात
नसीमा तांबोळींचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन,
ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
सकाळपासून एकही भरून मिळालेला नाही.

"बंद केलं की परत चालू होतं," त्या म्हणाल्या,
"ढेकणासारखं."

मी स्कार्फ सोडला, स्टुलावर बसले.
सेटिंग्ज. नेटवर्क. प्रॉक्सी.
बटण निळं होतं. पांढरं केलं.
एका आजोबांच्या हयातीच्या दाखल्याचं पान उघडलं,
अंगठा लावायला ते हात पुसत पुढे आले
आणि पान गेलं.
बटण निळं.

ब्राउझर बदलला. मशीन बंद करून चालू केलं,
आमच्या धंद्यातला अंगारा तो, निम्म्या वेळा लागू पडतो.
व्हायरस शोधले. तीन सापडले, किरकोळ पाकीटमार,
हा त्यांच्यातला नव्हता.

मग बारीक अक्षरांतली ओळ दिसली:
काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते.

"कुठली संस्था?"
नसीमाबाईंनी दुकानभर नजर फिरवली.
तीनवर अडकलेला पंखा,
कोपऱ्यात सासरे, उस्मानभाई, स्टेपलरमध्ये पिना भरत.
"संस्था म्हणजे मीच की."

मशीन जुन्या बाजारातलं, साडेसात हजारांचं.
आडवं केलं. कुशीवर अर्धवट खरवडलेला स्टिकर:
हिंजवडी, फेज दोन, चौथा मजला.

म्हणजे असं.
तिथे नियम होता, बाहेर जायचं तर दारावरच्याला विचारून.
त्या दारावरच्याचा पत्ता कुणीतरी खोल आत लिहिला
आणि एक कारकून नेमला,
दर वीस मिनिटांनी उठून पत्ता जागेवर आहे ना बघायला.
कंपनीने गाशा गुंडाळला. खुर्च्या विकल्या, काचा विकल्या,
दारावरचाही गेला.
कारकुनाला कुणी कळवलं नाही.
तो उठतो, निळं करतो, बसतो.
आणि रास्ता पेठेतला प्रत्येक फॉर्म
हिंजवडीला जाऊन, नसलेल्या दाराशी
परवानगीची वाट बघत उभा राहतो.

कॉलेजात मीही प्रॉक्सी लावायचे.
रोल नंबर बावीस, मृदुला शाळिग्राम, तेव्हा लक्ष्मी रोडला
साड्यांच्या घड्या मोडत असायची.
तिच्या आवाजात "हजर" मला अजून म्हणता येतं.

कारकून सापडला. नाव काय, तर 'अपडेट दोन'.
पुसला. त्याच्या खालची ओळ पुसली, पत्ता पुसला.
आता वीस मिनिटं नुसतं बसायचं.
बसण्याचेही पैसे असतात हे पेठेत सहसा पटत नाही.
नसीमाबाईंना पटलं. चहा सांगितला.

पावणेतीनला उस्मानभाईंनी स्टेपलर खाली ठेवला,
शर्टाचं वरचं बटण लावलं, चप्पल शोधू लागले.
"सेकंड शिफ्ट," नसीमाबाई हळूच म्हणाल्या.
"पिंपरीला होते, बत्तीस वर्षं. आता तिथे टॉवर झालेत.
कोपऱ्यापर्यंत जातात. बस येत नाही. मग येतात परत.
मी काही बोलत नाही."

एकोणीस. वीस. एकवीस.
पांढरं ते पांढरंच.
आजोबांचा अंगठा लागला,
सरकारदरबारी ते आणखी एक वर्ष जिवंत.

उस्मानभाई उंबऱ्यात थांबले.
"काय झालेलं त्याला?"
"जुन्या कंपनीत जात होतं."
"मग? सांगितलंत, कंपनी बंद झाली म्हणून?"

मी वायर गुंडाळत होते.
"सांगितलं नाही. पत्ता पुसला."

मान हलवली त्यांनी, पटल्यासारखी नाही.
"सांगायला हवं होतं," म्हणाले,
आणि घड्याळ बघून, उशीर झाल्यासारखे,
भराभर कोपऱ्याकडे निघाले.