गोलपोस्टाच्या डावीकडे

आज पुन्हा कोकुगोंझाचा गुडघा फुटला.
दर आठवड्याला फुटतो कुणाचा तरी,
गोलपोस्टाच्या डावीकडे, त्याच जागी,
जिथं जमीन काळे, सच्छिद्र दगड ओकत राहते.
मी आयोडीन लावते, ती स्स करते.
विचारते, कशावर पडलीस माहीत आहे?
"दगडावर, म्वालिमू."
दगड नाही तो, पोरी.

सातवीच्या पुस्तकात, पान एकोणचाळीस,
लोखंडावर साडेचार ओळी.
शेजारी चित्र कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्याचं :
धुराडी, टोप्या घातलेली माणसं.
मुलं पाठ करतात, माना डोलावत, एका सुरात.
परीक्षेला येतं ते.
मैदान येत नाही.

म्हणून कामाचुमूहून म्हाताऱ्या ब्याबातोंना बोलावलं.
मोटरसायकलच्या मागं बसून आले,
मांडीवर नातू घ्यावा तसा भाता घेऊन;
बकरीचं कातडं, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेलं.
वर्गात शिरले नाहीत.
"छपराखाली लोखंड शिकवत नाहीत," म्हणाले.

आधी वारूळ फोडलं.
वारुळाचीच माती, दुसरी चालत नाही,
वाळवीनं चावून चावून मऊ केलेली,
आगीला न भिणारी.
दलदलीतला लव्हाळा कापून आणला,
जाळून खड्ड्यात अंथरला.
हातभर लांब नळ्या वळल्या.
रुटाची वाकडी झाली, तो ती लपवू लागला.
म्हातारे म्हणाले, असू दे,
वारा तरी कुठं सरळ चालतो.

नळी भट्टीच्या पोटात खोल सारायची,
म्हणजे आत पोचेपर्यंत वारा तापतो.
एवढंच.
"हे किती जुनं?" कुणीतरी विचारलं.
ब्याबातोंनी बोटं मोजली नाहीत.
"माझ्या आजाच्या आजाला विचारलं असतंस
तर तोही असाच केळींकडे बघत बसला असता."
मी आकडा लिहायला हात उचलला.
फळा आत राहिला होता.

मग रात्रभर भाता, आळीपाळीनं.
भात्याचं एक गाणं असतं.
त्याची दुसरी ओळ ते विसरले होते.
तीनदा सुरू केलं, तीनदा तिथंच अडले,
शेवटी नुसतं हुं, हुं म्हणत राहिले
आणि मुलं त्या हुंवर भाता दाबू लागली.
सरोवराकडून गार झुळूक आली.
केळीच्या पानांवर राख.
मुख्याध्यापक दोनदा बॅटरी घेऊन येऊन गेले.

पहाटे भट्टी फोडली.
लोखंड नव्हतं.
एक काळी ढेप, जड,
ना धड दगड, ना धड धातू.
माझ्या डोळ्यांपुढं कोळशाची तेरा पोती आली,
पालकांची वर्गणी आली.
ब्याबातोंनी ढेप काठीनं उलटीपालटी केली.
खूश दिसले.
"घाई केलीत. माझीही पहिली अशीच."

तेवढ्यात कोकुगोंझा उठली,
खपली धरलेला गुडघा घेऊन लंगडत मैदानात गेली,
डावीकडून एक दगड उचलून आणला,
ढेपेशेजारी ठेवला.
तशीच भोकं. तसाच काचेसारखा काळा लकाकता कड.
दोन्हींवर लव्हाळ्याच्या काडीचा ठसा,
एक अजून धुमसणारा,
एक केव्हाचा थंड.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग रुटा : "म्हणजे त्यांचंही फसलं होतं?"
"काही फसलेलं, काही उरलेलं," म्हातारे म्हणाले.
"लोखंड शेतात गेलं. कुदळी झाल्या, झिजल्या.
गाळ राहिला.
त्यावर तुम्ही पडता."

सोमवारी चाचणी झाली.
सगळ्यांनी साडेचार ओळी लिहिल्या, बिनचूक,
आणि चौदा जणांनी खाली आणखी काही,
ज्याला गुण द्यायला तक्त्यात रकानाच नाही.
कागदांवर काजळीचे अंगठे.
अजून तपासते आहे.

आज चिठ्ठी आली मुख्याध्यापकांची :
मैदानातले दगड वेचून बाहेर टाकावेत,
मुलांना इजा होते.
मी खाली सही केली, वाचलं म्हणून.
आणि आयोडीनची मोठी बाटली मागवली.