खरवड

उपकेंद्रात शिबिर होतं.
चपला काढून काट्यावर उभी राहिले,
काटा ब्याऐंशीपाशी थरथरला, थांबला.
यवतमाळहून आलेली पोरगी, कोरा तक्ता पुढ्यात,
म्हणाली, काकू, काल दिवसभरात काय काय खाल्लं?
मी म्हटलं, सकाळी चहा.
दुपारी अर्धी भाकर, अंबाडीची भाजी.
रात्री?
रात्री जेवले नाही म्हटलं तरी चालते.

खोटं नव्हतं ते.
शाळेच्या खिचडीचा गंज घासायला टाकण्याआधी
उलथन्यानं खरवडून काढलेलं,
सासऱ्याच्या ताटातली, चावत नाही म्हणून उरलेली भाकरीची कडा,
नवऱ्याच्या वाटीच्या बुडाशी राहिलेली तर्री,
शिळा भात फोडणी देऊन, उभ्यानं, चुलीपाशी,
ते कुठं खाणं असते?
ते तर आवरणं.

माहेरी पाहुणा असला तर आधी पाहुणा,
मग बाबा, मग भास्कर, मग मधू.
मग मी आणि माय.
ताट नाही, जर्मनचा गंजच दोघींच्या मधे.
करपलेला थर सुटायचा नाही, माय पाणी शिंपडायची,
म्हणायची, "वच्छे, गोडी बुडाले असते व माय,
वरचं तं सारेच खातात."
मी ते खरं मानलं.
अजून खरं वाटते, हीच पंचाईत आहे.

एकदा भाकर टाकली होती,
कळण्याची, कडू लागली म्हणून, गोठ्यामागं.
मायनं मारलं नाही.
उचलून आणली, धुतली,
आणि माझ्यासमोर बसून स्वतः खाल्ली.
मारलं असतं तर विसरले असते.

पोरगी लिहीत होती,
सात वाजता जेवण, काकडी, एकच भाकर,
मधे भूक लागली तर मूठभर फुटाणे.
भूक लागली तर!
मला हसू आलं.
भुकेची वाट कोणी पाहिली,
उरलं दिसलं की तोंड उघडायचं.

उपासाचं विचारा, त्यात मी पक्की.
नवरा मोटारसायकलवरून पडला तेव्हा सोळा सोमवार,
पोराच्या पोलीस भरतीसाठी चतुर्थ्या,
नुसत्या पाण्यावर दिवसभर कापूस वेचला आहे.
कुणासाठी उपाशी राहायला जमते.
स्वतःसाठी दोन घास कमी करायचे
तर हात ऐकत नाही.

तक्ता घरी आणला.
तुरीच्या डब्यावर चिकटवला,
भाताच्या शितांनी.

मंगळवारी पहिलीतल्या रागिणी उईकेनं
अर्धी खिचडी ठेवली, म्हणाली,
"बाई, पोट भरलं."
इतकं सरळ,
जसं कोणी सांगते, लाइट आली.
माझ्या तोंडात मायचं वाक्य तयार,
टाकू नोको, अन्नाचा शाप लागते.
"टाकू" पर्यंत बाहेर आलं
आणि पोरीनं डोळे वर केले.
मी म्हटलं, "टाक. टाक त्या बकरीपुढं."
बकरीनं हुंगलं, वाटाणे तेवढे निवडले,
बाकी तसंच ठेवून कुंपणाकडं गेली.
तिला कुणी बुडाची गोडी सांगितली नसेल.

गंज मात्र मी त्या दिवशीही खरवडला.
एका बकरीनं सवय जात नाही.

रात्री एक केलं पण.
लग्नातलं स्टीलचं ताट काढलं,
नवऱ्याचं नाव कोरलेलं.
भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, चिमूटभर मीठ,
नेहमीसारखं वाढलं
आणि तिथंच मांडी घातली.
मीठ उजव्या हाताला आलं.

तीस वर्षं वाढते आहे, कधी चुकलं नाही.
थोडा वेळ नुसती पाहत राहिले,
मग ताट फिरवून घेतलं.