जुलैमधला कोळसा

घ्या किल्ली. जड आहे.
एकोणतीस वर्षं माझ्या एप्रनच्या खिशाला
हिनेच भोकं पाडली.

वरचा मजला बंधुमंडळाचा, खालचा भाड्याचा:
आधी शवपेट्यांचं दुकान, मग शिवणयंत्रांचं,
फ्लूच्या साथीत अडतीस खाटा,
नंतर पोरांचं रोलर स्केटिंग.
चाकांचे ओरखडे अजून आहेत,
मेण घासून घासून माझे गुडघे गेले, ते नाही गेले.

छप्पर याच डोंगराचं.
इथल्या पाट्या कुठल्या कुठल्या शाळांत गेल्या,
पोरांनी थुंकी लावून पुसल्या.
फोडणाऱ्यांची नावं मात्र पुसली जाऊ नयेत
म्हणून ही इमारत:
आठवड्याला दहा सेंट, आणि मेलात तर
बायकोच्या हातावर पंचाहत्तर डॉलर.

वर दाराला डोळ्याएवढं भोक आहे.
आतून विचारायचं, बाहेरून सांगायचं,
परवलीचा शब्द, दर सहा महिन्यांनी नवा.
बायकांना वर मज्जाव.
आम्ही स्वयंपाकघरात बटाटे सोलायचो
आणि धुराड्यातून तो शब्द आपसूक खाली यायचा.
विनिफ्रेड तो मोठ्यानं म्हणायची,
मीठ मागावं तसा.

शेवटी दोघेच उरले.
एमरिस प्रोथेरो बाहेर, बहिरा स्टॅनिस्लॉस आत.
तो शब्द एमरिस असा ओरडायचा
की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबायचा.

गुपितं ही अशी रस्त्यावर सांडली.
एकच उरलं, ते मला वहीत सापडलं,
कपाट पुसताना.

सन एकोणीसशे अकरा, एकोणीस जुलै.
जोसाया ट्रेगेन्झा क्रेनवरून पडून मेला.
वर्गणी अकरा आठवडे थकलेली.
नियम सतरा: थकबाकीदाराच्या विधवेला काही नाही.
पण वरच्याच ओळीत, अठरा तारखेला,
ट्रेगेन्झाकडून जमा, एक डॉलर दहा सेंट.
शाई तीच. टाकाचं फाटलेलं टोकही तेच.
आणि खर्चाच्या बाजूला:
सभागृहासाठी कोळसा, एक डॉलर दहा सेंट.

जुलैत.

मी खुर्ची ओढून बसले.
खाली तीन हिशेबतपासनीस, तीन सह्या,
एकाची तर नुसती फुली:
तपासलं, बरोबर आहे.
त्या उकाड्यात शेगडी कुणासाठी पेटली
हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

तुम्ही इथे फ्लॅट काढणार म्हणता. काढा.
जिन्यात जुने फोटो लावायचे असतील
तर माळ्यावर खोकंभर आहेत,
पट्टे बांधलेले, मिशा पिळलेले,
सगळे एकाच दातदुखीनं हैराण झाल्यासारखे.
ते न्या.
वही नाही मिळायची.
ती माझ्या पिशवीत आहे, बटाट्यांखाली.

आणि हो, मागचं दार दमट हवेत फुगतं.
ढकलू नका.
आधी जरा उचलायचं, मग आपल्याकडे ओढायचं.