सुकायला सोळा तास

टायटसव्हिलमध्ये रात्रपाळी सुटते पहाटे सहाला.
अर्डिथ मॅक्रे नखांखालचा लाल गोंद दातांनी खरवडत
पार्किंगमध्ये येते
आणि मागे वळून बघत नाही.
रात्रभर ज्याच्या पोटाखाली उताणं पडून काढली
त्याचं तोंड पुन्हा कशाला बघायचं?

टाइल हातात घेतली तर पावाच्या तुकड्याएवढी हलकी.
नख लागलं तरी ओरखडा उठतो.
आणि हीच म्हणे भट्टीतून लालबुंद निघाली
तरी कोपऱ्यांना धरून उचलता येते, बोट भाजत नाही.
अशा हजारो. एकीच्या मापाची दुसरी नाही.
प्रत्येकीच्या अंगावर नंबर,
प्रत्येकीला एकच जागा,
आणि आठवडाभर राबून अर्डिथच्या हातून बसतात
दोन. फार तर तीन.

गोंद सुकायला सोळा तास.
साहेब म्हणतात, घाई आहे.
गोंद म्हणतो, असेल.

वाल्डोनं शिकवलं तिला. तो पूर्वी कोळंबीच्या बोटी दुरुस्त करायचा.
म्हणाला, थोडं थुंक त्यात, झटकन धरतो.
ती थुंकली.
चार टाइल्सच्या गोंदात, कोणी बघत नाही असं बघून.

मग कळलं वर.
चाचण्या झाल्या. थुंकीनं लवकर धरतो खरा,
पण धरलेलं टिकत नाही.
कागद फिरला: ज्यांनी केलं त्यांनी नंबर लिहा, शिक्षा नाही.
अर्डिथनं तीन लिहिले.
चौथा आठवेना.
डोळे मिटून पुन्हा त्या पोटाखाली जाऊन आली,
डाव्या चाकाचं दार, तिथून पुढे…
नाही आठवला.

उड्डाणाआधी माणसं भेटायला आली, निळ्या कपड्यांत.
इमोजेन स्टोल्झ नावाच्या बाईनं हात हातात घेतला,
विचारलं, यातल्या तुमच्या कोणत्या?
अर्डिथ म्हणाली, डाव्या चाकापाशी, थोड्याच.
बाई म्हणाली, मग मी उतरताना डावीकडे बसेन.
सगळे हसले.
अर्डिथही, जरा उशिरा.

अकरा दिवस.
वर ते दिवसातून सोळा सूर्योदय बघत होते
आणि खाली ती भांडी घासताना मधेच थांबायची.

परतताना इंजिन चालत नाही त्याचं. विटेसारखं उतरतं.
चुकलं तर पुन्हा फेरी मारून येण्याची सोय नाही.
टीव्हीवर आवाज मोठा होता,
म्हणून ती मागच्या अंगणात गेली, संत्र्याच्या झाडाखाली.
आकाश रिकामं.
मग धाड. धाड.
घाईतल्या माणसानं दार ठोठवावं तसं, दोनदाच.
कुत्रं पायरीखाली शिरलं.
तिनं श्वास सोडला
तेव्हा कळलं, इतका वेळ धरला होता.

पुन्हा वापरता येतं हे यान, असं पाहुण्यांना सांगतात.
म्हणजे काय,
तर पुन्हा कोणीतरी त्याच्याखाली उताणं पडायचं.

पोट काळवंडलेलं, ठिकठिकाणी खरचटलेलं.
अर्डिथ टॉर्च घेऊन डाव्या चाकाकडे सरकत गेली.
तिथं एक चौकोन रिकामा होता.
लाल गोंदाचे पापुद्रे, आणि मागच्या पत्र्यावर
चहा सांडून वाळावा तसा तपकिरी डाग.
एवढंच. एवढंच झालं होतं.

नोंदवहीत जागा शोधली. सही तिची नव्हती.
वाल्डोची.
मार्चमध्ये त्याला पुरलं, नदीकाठच्या दफनभूमीत,
तिनंच फुलं नेली होती.

कारण, असा रकाना होता तक्त्यावर.
पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राहिली.
तिनं लिहिलं, माहीत नाही.

नवी टाइल आली. अर्डिथनं गोंद कालवला.
तोंड कोरडंच होतं.
बसवली, पट्टी दाबली, वेळ टाकली,
आणि पाळी संपल्यावरही
तिथंच स्टुलावर बसून राहिली,
डबा मांडीवर, न उघडलेला.